उजवी पेस्ट, डावी पेस्ट

मंजनबाई उजव्या बाजूचे दात एका पेस्टनं घासायची आणि डाव्या बाजूचे दुसऱ्या. हे ऐकीव नाही. तिच्या आणि आमच्या अंगणांच्या मधे फक्त तुराट्यांचा कूड होता. त्याच्या फटीतून मी रोज सकाळी तिला पाहायची. ओट्यावर दोन ब्रश, एक लाल दांड्याचा, एक हिरव्या. आधी उजवीकडे घासायची, खळखळून चूळ भरायची, मग ब्रश बदलून डावीकडे. मग हातातल्या आरशात बराच वेळ पाहत बसायची. आरसा कधी उजवीकडे, कधी डावीकडे. एवढं निरखून कोणी स्वतःला पाहत असेल तर ते कौतुकानं, असं मला लहानपणी वाटायचं. ती घाबरून पाहत होती, हे मला फार उशिरा कळलं.

माझे बाबा कुडापलीकडून तिला चिडवायचे. "काय बाई, आज तोंडात कोनाकोनाची युती हाय?"

"युती नाही भाऊ, कुस्ती लावली," ती फेस थुंकून म्हणायची. "जे जिंकन ते लेकरायले."

ती आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल. वस्तीत सगळे मंजनबाईच म्हणत, आणि तिला ते आवडायचं. मारेगाव तालुक्यातली आमची वस्ती मूळ गावापासून थोडी बाजूला, नाल्याच्या अलीकडे. अंगणवाडीत आलेल्या पोरांना खिचडी मिळायच्या आधी ती भिंतीला लावून रांगेत बसवायची आणि प्रत्येकाच्या बोटावर पेस्टचा ठिपका द्यायची. "आ कर. वाघासारखा कर, मांजरीसारखा नोको." मीही त्या रांगेत बसलेली आहे. पेस्ट गोड असायची, म्हणून आम्ही थुंकायच्या ऐवजी गिळायचो. तिला ते कळायचं. "गिळली का व? दाखव जीभ!" असं ओरडायची, पण मारायची नाही. त्याआधी आमच्याकडे कोळसा नाहीतर राखुंडीच. पेस्ट म्हणजे शहाणपणाची, शिकलेल्या घरची गोष्ट होती, आणि ती आमच्या बोटावर आणून ठेवणारी मंजनबाई होती.

तिच्याकडे एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यात पेस्टच्या रिकाम्या खोक्या घडी करून ठेवलेल्या असत. वस्तीतले लोक संपत आलेल्या ट्यूबा तिला आणून देत. कोणी लग्नाला गेलं की तिथून आणत, कोणाचा मुलगा पुण्याला कंपनीत होता तो आला की बॅगेतून काढून देई. ती ट्यूब लाटण्यानं लाटून शेवटचा थेंब काढायची आणि आठवडाभर लावून पाहायची. सातवी शिकलेली होती. खोक्यांवरचं मराठी आणि हिंदी मोठ्यानं वाचायची, इंग्रजी अक्षरं माझ्याकडून वाचून घ्यायची.

तिची मतं पक्की होती. फार फेस होणाऱ्या पेस्टबद्दल म्हणायची, "फेस म्हनजे काम नाही पोरी, फेस म्हनजे भाषन." लवंगेची पेस्ट दुखऱ्या दाताला बरी, पण "जिभेले झोपवते, मंग भाजीत मीठ हाय का नाही कळत नाही." पारदर्शक निळी पेस्ट थंड लागायची. ती लावून आलेल्या बाबांना तिनं विचारलं होतं, "भाऊ, दात घासले का फ्रिजात ठेवले?" दात आठ दिवसांत पांढरे करतो म्हणणाऱ्या पेस्टवर तिचा खूप जीव होता. तीन वेळा फसली, तरी चौथ्यांदा लावून पाहिली. ट्यूबच्या शेपटीवर हिरवी पट्टी असली की झाडपाल्याची आणि काळी असली की नुसती केमिकलची, असं तिला मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं. ती खूण मशीनला ट्यूब कुठे कापायची ते कळावं म्हणून असते, हे मी कॉलेजात गेल्यावर तिला सांगितलं. ती जरा हिरमुसली. "म्हनजे पट्टी पाहून काहीच कळत नाही?" नाही, मी म्हणाले. "मंग वाचनंच लागते," ती म्हणाली.

एवढी तुलना कशासाठी, हे वस्तीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्या वस्तीतल्या लोकांचे दात तपकिरी आहेत. नुसते पिवळे नाहीत. आडव्या रेघा, गंज लागल्यासारखे डाग, कुणाकुणाचे काठ खाल्ल्यासारखे. दुधाचे दात बरे असतात. सहाव्या-सातव्या वर्षी नवे येतात ते खडूसारखे पांढरेफटक, आणि मग हळूहळू रंग चढतो. पांढरकवड्याच्या बाजारात आमच्यातलं कोणी हसलं की दुकानदार गाव ओळखतो. म्हणून आमच्याकडे सगळे तोंडावर तळहात ठेवून हसतात. मला वाटायचं हसण्याची रीतच ती. यवतमाळला कॉलेजात गेले आणि पहिल्यांदा पाहिलं की मुली हात खाली ठेवूनही हसतात.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली. निघताना आईनं चिवडा दिला, बाबांनी चार वेळा तिकीट पाहिलं, आणि मंजनबाईनं कुडावरून एक नवी कोरी ट्यूब पुढे केली. डाव्या बाजूनं जिंकलेली होती ती. "दोन टाइम लाव. तिकडे बोलाव लागते, तोंड झाकून कसं जमन?" मी दोन टाइम लावली. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासलं. होस्टेलच्या खोलीतली एक मुलगी एकदा सहज म्हणाली, "तू ब्रश करत नाहीस का गं?" तिच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर सहा महिने मी वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. रोल नंबरला "येस सर" म्हणतानाही ओठ कमीत कमी उघडायची.

आमच्या सगळ्यांच्या दातांचा दोष मंजनबाई पेस्टवर ठेवायची. अजून बरोबर पेस्ट सापडली नाही, एवढंच. एकदा सापडली की पुढची पोरं वाचतील. त्यात माझी पुतणी चिऊ होती, साडेतीन वर्षांची, मंजनबाईच्या रांगेत पहिल्या नंबरवर बसणारी. "हिचे नवे दात पाहाचे मले," मंजनबाई म्हणायची. "मोत्यासारखे आले पायजे. नाही आले तर मंजनबाई नाव कायले?"

मी पहिल्या वर्षाला असताना वस्तीत दातांचं शिबिर आलं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या असं सगळे सांगतात. त्यांनी शाळेतल्या मुलांचे दात पाहिले आणि सोबतच्या माणसाला म्हणाल्या, "फ्लोराइडमुळे झालंय हे. सगळ्यांनाच आहे." त्यांनी कागदावर लिहिलं आणि पुढच्या गावाला गेल्या. बाजूला पोरांचे हात धरून मंजनबाई उभी होती. हा शब्द तिला माहीत होता. तिच्या डब्यातल्या कितीतरी खोक्यांवर तो होता.

मी सुटीत घरी आले तेव्हा कुडाच्या फटीतून ओटा रिकामा दिसला. ब्रश नव्हते. अंगणवाडीत मुलं रांगेत बसत नव्हती. आई हळू आवाजात म्हणाली, "बाई पंधरा दिवसांपासून जेवत नाही बरोबर. लेकरायले हातच लावत नाही. चिऊ गेलती तिच्यापाशी, तं मागं सरकली."

मी गेले. ती दाराशी बसली होती. समोर डबा उघडा. सगळ्या खोक्या उलगडून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीवर एका शब्दाखाली खडूनं रेघ.

"वाच," ती म्हणाली.

"फ्लोराइड," मी वाचलं.

"हे?"

"फ्लोराइड."

"हे बी तेच ना?" तिनं पुढची खोकी माझ्यापुढे सरकवली. "डॉक्टरीन म्हने फ्लोराइडनं झालं. वीस वर्षं म्या लेकरायच्या बोटावर हेच ठेवलं. तुह्या बी. गोड लागे म्हनून गिळत होते पोट्टे, अन् म्या पाहत होती. तू केमेस्ट्री शिकून राह्यली ना? मले खरं सांग. म्या केलं का हे?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. फ्लोरीन आवर्त सारणीत कुठे बसतो एवढंच मला येत होतं. "नाही" म्हणायला हवं होतं असं आज वाटतं, निदान "नसेल" तरी. मी म्हणाले, "विचारून सांगते."

"हाव, इचार," ती म्हणाली. "पन लवकर. चिऊचे दात आत तयार होऊन राह्यले असतीन."

मी यवतमाळला परत गेले आणि तीन आठवडे कोणालाही विचारलं नाही. कारण लाजिरवाणं आहे. विचारायचं तर तोंड उघडावं लागणार होतं. केमिस्ट्रीच्या सरांसमोर उभं राहून दातांबद्दल बोलायचं म्हणजे त्यांची नजर कुठे जाणार, हे मला माहीत होतं. प्रयोगशाळेच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. शिवाय दुसरी भीती होती, उत्तर "हो" असलं तर? घरून फोन आला की मी आधी आईचा आवाज ऐकायची, त्यात काही वेगळं आहे का ते. एकदा आई म्हणाली, "बाई इचारे, पोरीचा फोन आल्ता का?" त्या दिवशी मी गेले.

सरांनी ऐकून घेतलं. माझ्या दातांकडे पाहिलं, पण मी घाबरले होते तसं नाही. म्हणाले, "पेस्ट थुंकायची असते. पाणी प्यायचं असतं. पाणी कुठलं पिता?"

"बोरिंगचं."

"बाटली भरून आण."

बाबांनी एसटीच्या ड्रायव्हरकाकांकडे बाटली दिली. सरांनी मलाच प्रयोग करायला लावला. लाल रंगाचं द्रावण असतं, त्यात पाणी घालायचं. फ्लोराइड जितकं जास्त, तितका लाल रंग फिका पडतो. आमच्या बोरिंगच्या पाण्यानं तो बघताबघता फिका झाला. मी नळी उजेडात धरून उभी राहिले. आमच्या वस्तीतलं ते सर्वांत थंड, सर्वांत गोड, नितळ पाणी. त्याच पाण्यावर मी वाढले होते. सर म्हणाले, पेस्टमधलं फ्लोराइड दात किडू नयेत म्हणून असतं. अशा पाण्याच्या गावात लहान मुलांनी पेस्ट गिळली तर थोडी भर पडते, म्हणून त्यांना बिनफ्लोराइडची द्यावी. पण हे दात पाण्यानं झालेत. हाडंही धरतं ते, पाठ, गुडघे. मग ते सहज म्हणाले, "अशा बोरिंगला लाल रंग देतात. तुमच्याकडे दिला नव्हता का?"

तेव्हा मला आठवलं.

मी चौथीत असेन. दोन माणसं गाडीवरून आली, बोरिंगच्या दांड्याला आणि खांबाला लाल रंग फासून गेली. का, ते सांगितलं असेल तर ते कोणी ऐकलं नाही. काही दिवस बायका पलीकडच्या गावातल्या विहिरीवर गेल्या. तिथे जाणं आमच्या लोकांना कधी सोपं नव्हतं. आधी बाकीच्यांचं भरू द्यायचं, मग आपण. हे बोरिंग वस्तीत आलं ते आमच्या मालकीचं पहिलं पाणी होतं. त्यामुळे हळूहळू सगळे परतले. मग एप्रिल आला. जयंतीसाठी विहार रंगवला, ओटे रंगवले, आणि उरलेला निळा रंग घेऊन मंजनबाई बोरिंगपाशी आली. "हे कायले लाल भडक राहू द्याचं? आपलं बोरिंग हाय, आपल्या रंगाचं पायजे." ती ब्रश मारत होती आणि मी खाली बसून रंगाचा डबा धरला होता. माझ्या फ्रॉकवर निळे ठिपके पडले होते. ते बोरिंग किती सुंदर दिसलं होतं!

येताना एसटीत मी ठरवलं की अर्धंच सांगायचं.

"पेस्टनं नाही झालं," मी दारातूनच म्हणाले. "पाण्यानं झालं. बोरिंगच्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तोंडावर हात न ठेवता हसताना पाहिलं, सगळे तपकिरी दात दिसले. "म्या नाही केलं?" "नाही." "गिळली तरी?" मी सरांचं वाक्य सांगितलं. "गिळली तर थोडी भर पडते. पण मूळ पाणी." "थोडी," ती म्हणाली. तो शब्द तिनं तोंडात ठेवून पाहिला, नवी पेस्ट पाहावी तसा. मग विचारलं, "एवढं खराब पानी, तं कोनी निशानी काहून नाही केली बोरिंगले?"

मी खाली पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं बोलायलाही येत नाही. माझा चेहराच तिनं वाचला.

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरत. बोरिंगपाशी गेली, खालचा दगड उचलला आणि खांबावर घासायला लागली. वर्षावर्षाचे निळे थर होते, पापुद्रे पडत होते. सगळ्यांत खाली लाल निघालं. ती दगड हातात धरून तशीच उभी. मी तिला हाक मारली तर तिनं ऐकलं नाही. पाण्याला आलेल्या बायका घागरी घेऊन थांबल्या.

"वीस वर्षं म्या डब्या वाचत राह्यली," ती शेवटी म्हणाली, कोणाकडे न पाहता. "बोरिंग नाही वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बोरिंगला लाल रंग दिला. वस्तीत भांडण झालं. पोरं धावून आली, "बाई, जयंतीचा रंग खरडता? निळ्यावर लाल?" माझा भाऊही त्यांच्यात होता. मला भीती वाटली की कोणी तिला ढकलेल. ती खांबाला पाठ लावून उभी राहिली. ब्रशातून तिच्याच पायावर लाल रंग ठिबकत होता.

"निळा विहारात लावा, घरावर लावा, माह्या थोबाडाले लावा," ती म्हणाली. "आपल्याले वाचाले शिकवलं कायले? हे वाचा म्हनून! भांडे घासा ह्या पान्यानं, कपडे धुवा. लेकराच्या पोटात गेलं तं पहिले मले ढकला."

माझ्या भावाच्या कडेवर चिऊ होती. त्यानं तिला माझ्याकडे दिलं आणि घागर उचलून विहिरीकडे निघाला. त्याच्या मागे आणखी दोघं. त्या दिवशी विहिरीवर काय बोलणं झालं ते त्यानं घरी सांगितलं नाही. पण पाणी आणलं. अर्ज, खेपा, सही यांत दीड वर्ष गेलं, मग वस्तीत विहिरीच्या पाण्याचा नळ आला.

मंजनबाईनं पेस्टची रांग परत सुरू केली. बिनफ्लोराइडची, वाटाण्याएवढी नाही, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकेपर्यंत समोरून हलायचं नाही. स्वतः मात्र अजून दोन ब्रश. "आता कायले बाई?" बाबांनी विचारलं. "सवय हाय भाऊ. अन् डाग जात नाही हे कळलं, पन किडीसंग सामना चालूच हाय."

गेल्या वर्षी तिची नोकरी संपली. तोपर्यंत तिची पाठ वाकली होती, मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागे. ते कशानं, हे दोघींनाही माहीत होतं, आम्ही बोललो नाही. तिची मुलगी तिला नेरला आपल्या घरी घेऊन गेली. एसटीच्या पायरीवर तिचा पाय चढेना, कंडक्टरनं आणि मी मिळून चढवलं. खिडकीतून तिनं बिस्किटाचा डबा माझ्याकडे दिला. "चिऊचा दात आला की सांगजो. खरं सांगजो. अर्धं नोको."

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. तब्येत विचारायच्या आधी एकच प्रश्न. "आला का?" नाही आला म्हटलं की तिला बरं वाटतं, आणि मलाही. कारण मी आता पुस्तकात वाचलं आहे. समोरचा पक्का दात हिरडीच्या आत फार आधी तयार होतो. चिऊ साडेतीन वर्षांची होईपर्यंत ते पाणी प्यायली होती. जे व्हायचं ते आत झालेलं आहे, आपल्याला फक्त उशिरा दिसणार आहे. पांढरा दिसला म्हणूनही खूश होता येत नाही. काचेसारखा चमकला तर बरा, खडूसारखा कोरडा असला तर काही महिन्यांत रंग चढणार. कॉलेज संपवून मी घरी आले होते; चिऊचा समोरचा दुधाचा दात पडल्यापासून रोज सकाळी मी तिच्या हिरडीवरून बोट फिरवायची आणि काही लागलं नाही की सुटकेचा श्वास सोडायची.

या रविवारी बोटाला टोक लागलं.

मी तिला अंगणात उन्हात उभं केलं. फडक्यानं दात कोरडा करायचा आणि मग पाहायचं, असं सरांनी सांगितलं होतं. "चिऊ, हस," मी म्हणाले. ती हसली, आणि हसताना तिचा तळहात आपोआप तोंडावर गेला. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिनं आम्हाला पाहिलं होतं. मी तो हात धरून खाली केला.

तेवढ्यात फोन वाजला.

"आला का?"

"आला."

"कसा?"

मी एकदा अर्धं सांगितलं होतं. "चमकतो आहे, बाई," मी म्हणाले. "पण कडेला एक बारीक पांढरी रेघ आहे. खडूसारखी."

चिऊ माझ्या हातातून हात सोडवायला बघत होती. मी तो घट्ट धरला होता.

"रेघ उजवीकून हाय का डावीकून?" मंजनबाईनं विचारलं.